पाळण्यातले नाव

माशीविषयी आपल्या भाषेने आजवर एक चांगला शब्द काढलेला नाही. जमत आलेले लग्न मोडले की लोक विचारतात, "कुठं माशी शिंकली?" जेवायला बसल्यावर पहिल्याच घासाला विघ्न आले तर तो मक्षिकापात. चुकीसकट नक्कल करणाऱ्याचे काम म्हणजे मक्षिकास्थाने मक्षिका. रागीट माणूस नाकावर माशी बसू देत नाही. आणि ज्याला कोणताच उद्योग नाही, तो दिवसभर माशा मारतो. इतकी बदनामी होऊनही माशी आपल्या ताटाच्या कडेवर येते आणि पुढचे दोन पाय एकमेकांवर चोळीत, एखाद्या कोडग्या पाहुण्यासारखी निवांत बसते.

यांपैकी शेवटच्या वाक्प्रचाराबद्दल मला थोडे बोलायचे आहे. माशा मारणे हाही एक उद्योग आहे, तो मन लावून केला तर माणसाची तीन-तीन वर्षे घेतो, आणि त्यातून जगाच्या ज्ञानात एका नावाची भर पडते, हे मला चाळिशी ओलांडल्यावर समजले. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेलो नाही. पोटासाठी शाळेत शिकवतो आणि हौसेसाठी कादंबऱ्या लिहितो. शास्त्राशी माझा संबंध वर्गातल्या फळ्यापुरता. पण या दोन्ही धंद्यांत नावांशी माझी रोज गाठ पडते. सकाळी हजेरीपटावरची साठ नावे घ्यायची आणि रात्री कागदावरच्या माणसांना नावे द्यायची. योग्य नाव सापडेपर्यंत माझे पात्र जागचे हलत नाही. म्हणून माशीला नाव देण्याची ही हकिगत मला आपल्या घरचीच वाटली.

हकिगत आमच्या शाळेतून शिकून पुण्याला गेलेल्या एका मुलीची आहे. तिचे नाव मी येथे लिहीत नाही. नावाचे प्रकरण किती नाजूक असते ते पुढे दिसेलच.

आमचा भाग पुरंदरचा. डोंगरउताराला अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा, खाली ओढा, आणि ओढ्याकाठी एक जुना उंबर. तीन वर्षांपूर्वी वैशाखात ही मुलगी सुट्टीला आली ती काचेच्या नळ्या, बारीक जाळे आणि सडकी केळी घेऊन. केळी बाटल्यांत घालून तिने त्या झाडांना टांगल्या. उंबराखाली फळांचा खच पडला होता आणि त्यावर चिलटे घोंघावत होती. ती तिथे गुडघे टेकून बसे, रबरी नळीचे एक टोक तोंडात धरी, आणि श्वास आत ओढून एकेक चिलट नळीत घेई. मध्ये जाळी बसवलेली असते, म्हणून ते तोंडात जात नाही. ओढ्यावरच्या बायका धुणे थांबवून बघत राहिल्या. तिच्या वडिलांना पारावर कोणी विचारले, "पोरगी पुण्यात काय करती?" तर ते म्हणाले, "माशा मारती." सगळे हसले. तेही हसले, पण लग्नाच्या वयाच्या मुलीचा बाप हसतो तेवढेच हसले.

त्यातली एक माशी तिने मला दाखवली. "सर, डोळा मिटू नका. दोन्ही उघडे ठेवून बघा," असे म्हणून तिने मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवले. नुसत्या डोळ्यांना तिळाएवढी दिसणारी ती वस्तू भिंगाखाली भलतीच ऐटदार निघाली. डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल. शिंगांवर पिसासारख्या फांद्या फुटलेल्या. पाठीवर केसांच्या ओळी, कोणी मोजून लावाव्यात तशा. आणि त्या खरोखरच मोजायच्या असतात. पंख अभ्रकासारखे, त्यांतून शिरा गेलेल्या. माशीला पंख दोनच असतात. मागच्या जोडीच्या जागी गदेच्या आकाराचे दोन इवलेसे दांडे असतात आणि उडताना ते तिचा तोल सांभाळतात. म्हणून शास्त्रज्ञ माशांना, आणि त्यांच्याच जमातीतल्या डासांनाही, द्विपंखी म्हणतात.

मग तिने शेजारी दुसरी माशी ठेवली आणि म्हणाली, "फरक सांगा."

परीक्षा घेण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला परीक्षेला बसण्याची सवय राहत नाही. मला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. बराच वेळ पाहत राहिल्यावर लक्षात आले की, पहिलीच्या पंखावर आडव्या शिरेच्या जागी, काजळाचे बोट पुसावे तसा पुसट डाग आहे. दुसरीला तो नाही. मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, "हं. इथून सुरुवात झाली."

पण डागाचा भरवसा नसतो. एकाच जातीत तो कमीजास्त होतो. बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या दोन जाती पुष्कळदा ओळखू येतात त्या नराच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या जननेंद्रियांवरून. ते टोक कापून कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवायचे, म्हणजे मांस विरघळते आणि कठीण भाग शिल्लक राहतात. ते ग्लिसरीनच्या थेंबात घेऊन सुईने हवे तसे फिरवायचे आणि त्यांचे चित्र काढायचे. हे सगळे माशीच्या अंगाच्या दशांशाएवढ्या तुकड्यावर! हात कापला, शिंक आली, कोणी दार आपटले, की महिनाभराच्या शोधातून मिळालेला नर गेला. एरवी माशी शिंकली म्हणजे काम बिघडते म्हणतात. इथे माणूस शिंकला की बिघडते. तिची चित्रांची वही मी चाळली. एकाच अवयवाची चाळीस चित्रे होती. शाळेत असताना ती जास्वंदीचे चित्र काढताना पाकळ्यांआधी पुंकेसर मोजायला बसायची, ते मला आठवले.

एवढे केले तरी काम अर्धेच झालेले असते. एखादी माशी नवी आहे असे म्हणायचे म्हणजे ती आजवर माहीत असलेल्यांपैकी कोणतीच नाही, हे दाखवून द्यायचे. जगात आजवर वर्णन झालेल्या द्विपंखी कीटकांच्या जाती दीड लाखावर आहेत. ज्या घराण्यात ही उंबराची माशी बसत होती, त्या एका घराण्यात चार हजारांवर. जुनी वर्णने कोणत्या भाषेत असतील याचा नेम नाही. लॅटिन, जर्मन, फ्रेंच, आता जपानी, चिनीसुद्धा. शंका आली की दूरच्या संग्रहालयात पत्र पाठवून मूळ नमुन्याची छायाचित्रे मागवायची. हल्ली डीएनएही तपासतात; पण त्यामुळे वाचायचे आणि बघायचे काम सुटत नाही.

घाई केली तर काय होते, किंवा घाई न करताही काय होऊ शकते, याची एक गोष्ट तिने मला सांगितली. तिच्या बाटल्यांत एक पट्टेवाली माशी हमखास सापडे. अंग तांबूस, आणि डोक्यापासून पाठीवर काळ्या काठाचे चंदेरी पट्टे, इरकली लुगड्याच्या काठासारखे नीटस. १९७० साली जे. पी. गुप्ता यांनी भारतात मिळालेल्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले आणि झाप्रिओनस इंडियानस असे नाव ठेवले. इंडियानस म्हणजे भारतीय. दोन वर्षांनी, १९७२ साली, गोडबोले आणि वैद्य या संशोधकांनी पॅराव्हिटिगर नावाची जात वर्णिली. १९८० साली त्साकास यांनी कोलार्टी नावाची. पुढे पडताळा पाहिला तेव्हा तिन्ही नावांची माशी एकच निघाली. सगळ्यांनीच काम प्रामाणिकपणे केले होते. पण नियम असा की, पहिले नाव ते खरे. गुप्तांचे नाव राहिले. बाकीची दोन त्याच्यामागे समानार्थी म्हणून लिहिली जातात.

याहून मोठी गंमत पुढेच आहे. ही 'भारतीय' माशी मूळची आफ्रिकेची. तिचे बहुतेक भाऊबंद आजही तिकडेच आहेत. फळांच्या पेट्यांतून आणि जहाजांतून ती देशोदेशी गेली. १९९९ साली ती ब्राझीलमध्ये दिसली आणि साओ पाउलो भागातल्या अंजिरांना तिने उपद्रव दिला. २००५ साली ती अमेरिकेत फ्लोरिडात सापडली. तिकडचे लोक तिला आफ्रिकन अंजीरमाशी म्हणतात. म्हणजे जन्म आफ्रिकेचा, कागदोपत्री भारतीय आणि बिऱ्हाड अमेरिकेत! तरीही नाव बदलायचे नाही. आपल्याकडे आडनावांचे असेच असते. साताऱ्यात राहणाऱ्याला कोणी सातारकर म्हणत नाही. तो सातारा सोडून निघाला की सातारकर होतो, आणि चार पिढ्यांनी त्याच्या पणतूने सातारा पाहिलेलासुद्धा नसतो. म्हणून काही कोणी त्याला दुसरे आडनाव घ्यायला लावीत नाही. नाव हा काही मालकीचा उतारा नव्हे. तुझ्याकडे पहिल्यांदा कोणी तरी नीट पाहिले, आणि ते इथे, एवढेच त्यात नोंदलेले असते.

या शास्त्रातला एक मास्तर मला फार आवडला. योहान विल्हेल्म मायगेन हे त्याचे नाव. १७६४ साली जर्मनीत जन्मला आणि स्टोलबर्ग नावाच्या लहान गावी मुलांना फ्रेंच शिकवून त्याने संसार चालवला. पगार तुटपुंजा, घरात मुले पुष्कळ. हाताशी एक भिंग. पंखांतल्या शिरांची मांडणी पाहिली तर माशांची घराणी लावता येतात हे त्याने ओळखले, आणि शिकवण्या आटोपून तो माशांकडे बघत बसला. १८१८ ते १८३८ या वीस वर्षांत युरोपातल्या माशांवर त्याने सात खंड लिहिले. त्याने वर्णिलेल्या जाती तीन हजारांच्या घरात जातात. १८३० साली त्याने एका क्षुद्र चिलटाचे वर्णन केले आणि पोट काळे म्हणून त्याला मेलानोगास्टर, म्हणजे 'काळ्या पोटाची', असे साधे नाव दिले. हीच ती ड्रोसोफिला मेलानोगास्टर. १९१० साली न्यूयॉर्कला टॉमस हंट मॉर्गन यांना त्यांच्या बाटल्यांत याच जातीचा एक पांढऱ्या डोळ्यांचा नर मिळाला, त्यातून आनुवंशिकतेची कोडी सुटत गेली, आणि १९३३ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. मायगेन १८४५ सालीच गेला होता. उतारवयात त्याला आपला संग्रहही विकावा लागला; तो पॅरिसच्या संग्रहालयात गेला. पण आजही त्या माशीचे नाव पूर्ण लिहायचे तर मागे 'मायगेन, १८३०' असे लिहितात. एका गरीब मास्तराची इतकी मोठी हजेरी दुसऱ्या कोणत्या पटावर लागली असेल असे मला वाटत नाही.

नाव देण्याची ही रीत लिनियसची. १७५८ साली निघालेल्या त्याच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून प्राण्यांच्या नावांचा हिशोब सुरू होतो; आपली घरमाशी त्याच पानांत मुस्का डोमेस्टिका म्हणून आली. नावात दोन शब्द. पहिला घराण्याचा, दुसरा स्वतःचा. स्वतःचे नाव माशीला देणे शिष्टसंमत नाही. दुसऱ्याचे देता येते. नाव दिले, पण प्रसिद्ध केले नाही, तर ते नाव नव्हेच. आणि ज्या नमुन्यावरून वर्णन केले त्यातला एकच निवडून त्याला होलोटाइप म्हणतात. तो एखाद्या सार्वजनिक संग्रहालयात जपून ठेवायचा, म्हणजे शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तर त्याने जाऊन पाहावे. उंबराखालच्या माशीचा होलोटाइप पुण्याला, भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात जायचा आहे.

हो, माशी नवी ठरली. दोन पावसाळे आणि तीन उन्हाळे गेल्यावर, सगळी वर्णने आणि छायाचित्रे तपासून झाल्यावर, या आषाढात तिचा लेख स्वीकारल्याचे पत्र आले. तिने ठेवलेले नाव मला ठाऊक आहे. ते सांगता येत नाही, कारण लेख अजून छापून यायचा आहे.

त्याच सुमारास तिचे लग्नही ठरले. मुलगा चांगला, शिकलेला. साखरपुडा झाला, मार्गशीर्षातला मुहूर्त निघाला. आणि गौरी बसल्या त्याच आठवड्यात नियतकालिकाकडून लेखाची मुद्रिते आली. लेखकाचे नाव बरोबर आहे का ते पाहून चार दिवसांत परत पाठवा, असे त्यांचे म्हणणे.

गोष्ट अगदी साधी वाटावी अशी. पण तिच्या सासरी सुनेचे आडनावच नव्हे, तर पाळण्यातले नावही बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवे नाव लिहायचे. भावी सासरे सज्जन गृहस्थ. ते सरळ मनाने म्हणाले, "तीन महिन्यांनी नाव बदलणारच आहे, तर आताच नवं छापा. पुढं घोळ नको." तिच्या वडिलांनाही ते पटले. मुलीकडचे माणूस अशा वेळी कोणतीही गोष्ट पटवून घेते. ती मात्र काही बोलेना. संध्याकाळी ती माझ्याकडे आली.

मी म्हणालो, "अगं, पहिलं नाव ते खरं, हा तुमचाच कायदा ना?"

"तो कायदा माशीचा, सर," ती म्हणाली. "माझा नाही."

वाचकहो, यावर मला उत्तर सुचले नाही. एखादे कादंबरीतले पात्र असते तर मी त्याच्या तोंडी चार बाणेदार वाक्ये घातली असती. पण हिला त्या घरात नांदायचे होते, आणि नंतर जन्मभर तिच्या माशीच्या नावामागे जे नाव आणि साल लागणार होते, ते या चार दिवसांत ठरायचे होते.

गौरीजेवणाच्या दिवशी तिची भावी सासू ओटी घेऊन त्यांच्या घरी आली. मलाही जेवायला बोलावले होते. पन्नाशी उलटलेली, मितभाषी बाई. पडवीत सूक्ष्मदर्शक मांडलेला पाहून तिने विचारले, "हेच का ते? आम्ही बघितलं तर चालेल?" मुलीने खुर्ची पुढे केली. बाईंनी चष्मा काढला आणि बघू लागल्या. बराच वेळ झाला. आतून पाने वाढल्याची हाक आली तरी त्या उठल्या नाहीत.

मग त्यांनी विचारले, "हिचं नाव पुढं कुणी बदललं तर?"

"दुसरं नाव नाही बदलत," मुलगी म्हणाली. "पहिलं बदलू शकतं. म्हणजे ही त्या घराण्यातली नाही, दुसऱ्या घराण्यातली आहे, असं कुणी दाखवलं तर घराण्याचं नाव बदलतं. डेंग्यूचा डास १७६२ साली क्युलेक्स ईजिप्ती होता. आता एडीस ईजिप्ती आहे. ईजिप्ती तसंच राहिलं."

"म्हणजे माशांच्यात घर बदललं तरी पाळण्यातलं नाव राहतं."

"हो."

बाई पुन्हा भिंगात बघू लागल्या. बघता बघताच, मान वर न करता, त्यांनी एक नाव उच्चारले. सुरेख, जुन्या वळणाचे नाव होते. आम्हाला कळेना. "माझं," त्या म्हणाल्या. "बत्तीस वर्षं झाली. आई होती तोवर ती हाक मारायची. आमच्या मुलाला विचारा, त्यालासुद्धा ठाऊक नाही."

पानांवर बसल्यावर त्या विषयावर कोणी बोलले नाही. निघताना उंबऱ्याशी थांबून त्या व्याह्यांना म्हणाल्या, "छापायचं ते हिचंच नाव छापू द्या. आमच्या यांना मी सांगते. आणि तांदळाचं ताट ठेवू की. त्यात तेच लिहू."

त्यांनी घरी काय सांगितले, आणि ते कसे ऐकले गेले, ते मला माहीत नाही. जुन्या रिती एका जेवणावळीत बदलत नाहीत. मार्गशीर्ष अजून यायचा आहे. मुद्रिते मात्र दुसऱ्याच दिवशी मुलीच्या पाळण्यातल्या आणि माहेरच्या नावानिशी परत गेली. तिच्या वडिलांनी ती पाठवताना शेजारी उभे राहून पाहिले, आणि पारावर कोणी विचारले तर ते अजूनही "माशा मारती" असेच म्हणतात. पण आता समोरच्याच्या आधी हसत नाहीत.

होलोटाइप अजून तिच्याकडेच आहे. त्याला पुण्याला नेण्याआधी तिने मला एकदा दाखवला. त्रिकोणी कागदाच्या टोकाला चिकटवलेली माशी, तांदळाच्या दाण्याहून लहान, आणि खाली टाचणीत ओवलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर भिंगाशिवाय वाचता न येणाऱ्या अक्षरांत आमच्या गावाचे नाव, ओढा, उंबर, तारीख आणि माशी पकडणाऱ्या मुलीचे नाव. सगळी अक्षरे मी भिंगातून नीट वाचून पाहिली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.